‘नियंत्रित’ या शब्दाचा इतिहास : संमीलन-प्लाझ्माचे प्रत्याभरणी नियंत्रण आणि संगणकीय प्रतिरूपण (१९५५ ते २०२५)

गोषवारा

डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे संमीलन-ऊर्जेसंबंधी केलेले भाकीत प्रसिद्ध आहे. त्या भाकितातील वीस वर्षांच्या मुदतीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्यातील ‘नियंत्रित’ या शब्दाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. संमीलन-संशोधनाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा बहुतांशी या एका शब्दाचा अर्थ उलगडण्याचा इतिहास आहे आणि तो अर्थ संगणकीय प्रतिरूपणाच्या साहाय्यानेच स्पष्ट होत गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मुंबई, पुणे व गांधीनगर येथील भारतीय प्रयत्नांचा या दृष्टीने आढावा घेऊन अखेरीस जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांच्या संदर्भात काही विचार मांडले आहेत.

बीजसंज्ञा : संमीलन, प्लाझ्मा, टोकामॅक, प्रत्याभरण, प्रतिरूपण, इटर.

१. प्रस्तावना

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगासंबंधीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. आपल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी असे भाकीत केले की, येत्या दोन दशकांत संमीलन-ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग सापडेल. ज्या काळात अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांचे या विषयावरील संशोधन गुप्ततेच्या पडद्याआड होते, त्या काळात एका नवस्वतंत्र देशाच्या शास्त्रज्ञाने हा विषय जाहीर व्यासपीठावर आणला, हे त्या भाषणाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

दोन दशके १९७५ मध्ये संपली. त्यानंतर आणखी पाच दशके लोटली. संमीलनावर चालणारे एकही वीजकेंद्र आज जगात नाही. त्यामुळे भाभांचे भाकीत चुकले, असे म्हणून हा विषय बहुधा तेथेच सोडून दिला जातो. परंतु भाकितातील कोणता भाग चुकला, हा प्रश्न विचारणे अधिक उद्बोधक आहे. संमीलन घडवून आणणे अशक्य नव्हते. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक प्रवाळद्वीपावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीने ते सिद्ध केले होते. अडचण होती ती ‘नियंत्रित’ या शब्दात. नियंत्रणासाठी नेमके काय लागते, याची कल्पना १९५५ मध्ये कोणालाच पुरेशी नव्हती. ती कशी येत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नियंत्रण आणि प्रत्याभरण

नियंत्रणाची कल्पना आपल्या परिसरातील उदाहरणाने समजून घेणे सोयीचे ठरेल. गोंदिया जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते सांडव्यावरून आपोआप वाहून जाते. तेथे कोणी उभे राहण्याची गरज नसते. हे निष्क्रिय नियंत्रण होय. शेताला पाणी सोडणारा पाटकरी मात्र बांधीतील पाणी पाहतो, किती हवे ते ठरवतो आणि पाटाचे दार वर-खाली करतो. परिणाम पाहून कृती बदलावी, नव्या कृतीचा परिणाम पुन्हा पाहावा, असे हे चक्र असते. यालाच प्रत्याभरण, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला फीडबॅक म्हणतो ते, असे नाव आहे.

जिल्ह्यातील तिरोडा येथील ३,३०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रातही हेच तत्त्व अखंड कार्यरत असते. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. मागणी वाढून वारंवारिता घसरू लागली की टर्बाइनला जाणारी वाफ वाढवली जाते. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरील फिरत्या गोळ्यांचा नियामक हा या पद्धतीचा पूर्वज असून, त्याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. त्या विवेचनातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. प्रत्याभरण असले म्हणजे यंत्र स्थिर राहतेच असे नाही. दुरुस्ती उशिरा किंवा प्रमाणाबाहेर झाली, तर प्रत्याभरणानेच यंत्र हेलकावे खाऊ लागते. म्हणून नियंत्रक बनवण्यापूर्वी यंत्र कसा प्रतिसाद देईल, हे माहीत असावे लागते.

अणुविखंडनाच्या भट्टीत निसर्गाने माणसाला थोडी सवलत दिली आहे. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी एक लहान अंश काही काळाने बाहेर पडतो. या विलंबित न्यूट्रॉनांमुळे नियंत्रक दांडे हलवण्यास पुरेसा अवधी मिळतो. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भे येथे कार्यान्वित झालेली ‘अप्सरा’ ही भट्टी याच सवलतीवर चालली. संमीलनाच्या भट्टीत अशी सवलत नाही. तेथे हाती असलेला अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो.

३. भिंत नसलेली भट्टी

ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन समस्थानिकांची केंद्रके एकत्र येण्यासाठी सुमारे १५ कोटी अंश सेल्सियस तापमान लागते. या तापमानाला द्रव्य प्लाझ्मा अवस्थेत असते. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘आयनद्रायू’ ही संज्ञा योजली आहे. असे द्रव्य कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. भिंतीला स्पर्श होताच ते थंड होते आणि भिंतीचीही हानी होते. म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य पात्रात ते अधांतरी धरून ठेवावे लागते.

सुरुवातीच्या संशोधकांनी प्लाझ्मातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून, त्या प्रवाहाच्याच चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा आवळण्याचा प्रयत्न केला. परंतु असा आवळलेला प्लाझ्मा अस्थिर असतो, असे मार्टिन क्रुस्कल व मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी १९५४ मध्ये गणिताने दाखवले. प्लाझ्माच्या स्तंभाला किंचित बाक आला की बाकाच्या आतील बाजूचे चुंबकीय क्षेत्र अधिक प्रबळ होते आणि तो बाक आणखी वाढवते. ब्रिटनमधील हारवेल येथील ‘झेटा’ यंत्रातून संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचे जानेवारी १९५८ मध्ये मोठा गाजावाजा करून जाहीर करण्यात आले. परंतु ते न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्माच्या संमीलनातून नव्हे, तर अस्थैर्यामुळे वेग मिळालेल्या कणांपासून आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात तो दावा मागे घ्यावा लागला. प्लाझ्माच्या अंतरंगात काय चालले आहे ते ठाऊक नसेल, तर केवळ बाहेरून मिळणाऱ्या फळावरून यश ठरवता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा होता.

१९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत गुप्तता संपली आणि तिन्ही देशांची अडचण एकच असल्याचे उघड झाले. पुढील दहा वर्षांत मॉस्को येथील कुर्चातोव्ह संस्थेने ‘टोकामॅक’ नावाचे कंकणाकृती यंत्र विकसित केले. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत ‘टी-३’ या यंत्राचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यांवर विश्वास बसला नाही. १९६९ मध्ये ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेतील पथकाने मॉस्कोला लेसर उपकरणे नेऊन तापमान मोजले. ते सुमारे एक कोटी अंश भरले. शीतयुद्धाच्या काळातील हे सहकार्य विज्ञानाच्या इतिहासात उल्लेखनीय ठरले आणि त्यानंतर जगभर टोकामॅक उभे राहू लागले.

४. तांब्याच्या कवचापासून सक्रिय वेटोळ्यांपर्यंत

प्लाझ्माचे कंकण स्वभावतः बाहेरच्या बाजूला फुगू पाहते. ते जागेवर ठेवण्यासाठी किती उभे चुंबकीय क्षेत्र लागते, याचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ विताली शाफ्रानोव्ह यांनी मांडले. प्लाझ्माच्या समतोलाचे जे समीकरण आजही सर्व प्रतिरूपणांच्या मुळाशी आहे, ते शाफ्रानोव्ह व अमेरिकेतील हॅरोल्ड ग्रॅड यांच्या नावाने ओळखले जाते.

आरंभीच्या टोकामॅकमध्ये प्लाझ्माभोवती तांब्याचे जाड कवच असे. प्लाझ्मा सरकला की कवचात प्रवाह निर्माण होत आणि ते प्लाझ्माला मागे ढकलत. तलावाच्या सांडव्याप्रमाणे हे काम आपोआप घडे. परंतु कवचातील प्रवाह थोड्याच वेळात विरून जातात. त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या भट्टीला हा उपाय पुरणारा नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी कवचाऐवजी बाहेरील वेटोळ्यांतील प्रवाह मोजमापानुसार बदलण्याचे प्रयोग सुरू झाले. कल्हॅम येथील ‘क्लिओ’ यंत्रावरील अशा नियंत्रणाचे वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाटकरी तलावावर आला तो येथे.

यानंतर एक नवी अडचण उभी राहिली. गोल छेदाच्या प्लाझ्मापेक्षा उभट, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा प्लाझ्मा अधिक दाब सहन करतो, असे आढळले. प्लाझ्मा उभट करण्यासाठी त्याला वरून व खालून चुंबकीय क्षेत्राने ताणावे लागते. पण तो केसभर वर सरकला की वरची ओढ वाढते आणि तो आणखी वर जातो. तळहातावर उभी धरलेली काठी तोलण्यासारखाच हा प्रकार आहे. भोवती धातूची भिंत नसती, तर ही घसरण सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत झाली असती. भिंतीतील प्रवाहांमुळे ती मंदावते आणि तेवढ्या अवधीत प्रत्याभरणी वेटोळ्यांना आपले काम उरकावे लागते. भिंत येथे वेळ मिळवून देते आणि मिळालेल्या वेळेचा उपयोग नियंत्रक करतो.

ब्रिटनमधील ‘जेट’ या युरोपीय यंत्रात जून १९८३ मध्ये पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. उभ्या दिशेतील नियंत्रण सुटल्यास प्लाझ्मा भिंतीवर आदळून निर्वात पात्रावर शेकडो टनांचे बल येऊ शकते, असा अनुभव या यंत्रावर आला. संमीलनात नियंत्रण सुटले तर भट्टी आपोआप विझते. विखंडनाच्या अपघातासारखा प्रसंग तेथे उद्भवत नाही. परंतु विझताना ती स्वतःचेच पात्र जखमी करू शकते. यामुळे चुकत-चुकत शिकण्याचा मार्ग मोठ्या यंत्रांच्या बाबतीत बंद झाला.

५. प्रतिरूपणाची आवश्यकता

प्लाझ्माचा प्रतिसाद प्रत्यक्ष यंत्रावर शिकता येत नसेल, तर तो कोठे शिकावा? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे संगणकीय प्रतिरूपण, म्हणजेच सिम्युलेशन. प्लाझ्मा, भिंत, वेटोळी, वीजपुरवठा व संवेदक या सर्वांची समीकरणे संगणकावर एकत्र सोडवली की यंत्राचे एक गणिती प्रतिरूप मिळते. नियंत्रक प्रथम या प्रतिरूपावर चालवावा, तेथे तो अपयशी ठरल्यास सुधारावा आणि मगच यंत्रावर न्यावा, अशी रीत हळूहळू रूढ झाली.

या मार्गावरील दोन टप्पे विशेष उल्लेखनीय आहेत. अमेरिकेतील जनरल अ‍ॅटॉमिक्स या कंपनीत १९८० च्या दशकात ‘ईफिट’ ही आज्ञावली विकसित झाली. प्लाझ्माच्या आत मोजपट्टी घालता येत नाही. म्हणून पात्राभोवतालच्या चुंबकीय मोजमापांवरून आतील आकार शोधून काढण्याचे काम ती करते. पुढे १९९० च्या दशकात हीच गणना प्रयोग चालू असतानाच करणे शक्य झाले. दुसरा टप्पा प्रिन्स्टन येथे स्टीफन जार्डिन व सहकाऱ्यांनी तयार केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टोकामॅक सिम्युलेशन कोड’ अर्थात ‘टीएससी’ या आज्ञावलीचा. तीत प्लाझ्माची हालचाल, भिंतीतील प्रवाह आणि प्रत्याभरणी नियंत्रक यांचा एकत्रित विचार होतो. इटलीतील नेपल्सच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याहून सोपी, रेषीय प्रतिरूपे तयार केली आणि त्यांच्या आधारे जेट यंत्रासाठी प्लाझ्माचा आकार राखणारा नियंत्रक रचला गेला.

येथे प्रतिरूपणाच्या दोन जाती लक्षात घ्याव्यात. भौतिकीचा सखोल वेध घेणारे प्रतिरूप अचूक असते, पण त्याला तासन्‌तास लागू शकतात. नियंत्रकाच्या रचनेसाठी लागणारे प्रतिरूप कमी तपशिलाचे, परंतु चपळ असावे लागते. काय गाळायचे आणि काय ठेवायचे, हा निर्णय गणितापेक्षा जाणकारीचा अधिक असतो. पुणे येथील उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्यूष’ या महासंगणकाने मॉन्सूनचे प्रतिरूपण केले, ते भाकितासाठी. मॉन्सून वळवणे कोणाच्याही हाती नाही. प्लाझ्माच्या बाबतीत मात्र भाकीत अशासाठी करायचे, की ते खरे ठरण्यापूर्वीच हस्तक्षेप करता यावा.

६. मुंबई, पुणे, गांधीनगर : भारतीय धागे

भाभांच्या भाकिताच्या काळातच त्यांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगणक बांधण्याचे काम सुरू झाले होते. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालवून दाखवले. १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या या यंत्राची स्मृती ४० अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. संमीलनाचे भाकीत आणि संगणकाची बांधणी हे दोन उपक्रम एकाच व्यक्तीच्या छत्राखाली, एकाच सुमारास, परंतु एकमेकांपासून वेगळे सुरू झाले. पहिल्याची पूर्तता दुसऱ्यावर अवलंबून राहणार आहे, हे इतिहासाने पुढे दाखवले. भाभांचे जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात निधन झाले. त्यामुळे हे दोन धागे जुळताना पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

संगणनाचा धागा महाराष्ट्रातच पुढे गेला. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. संमीलनाचा धागा मात्र अहमदाबादकडे वळला. तेथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये प्लाझ्मा भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच डॉ. प्रेधिमान कौ यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये गांधीनगरजवळील भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. १९८९ मध्ये तेथे ‘आदित्य’ हा भारतात बांधलेला पहिला टोकामॅक कार्यान्वित झाला. कोलकात्याच्या साहा संस्थेतील त्याआधीचा टोकामॅक जपानहून आणलेला होता. आदित्यची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, तर लहान त्रिज्या ०.२५ मीटर होती.

आदित्यच्या प्लाझ्माचा छेद गोल होता. त्यामुळे उभ्या दिशेतील अस्थैर्याचा प्रश्न तेथे तीव्र नव्हता. आडव्या दिशेने होणारे सरकणे आवरणे हा मुख्य प्रश्न होता. यानंतर हाती घेतलेल्या ‘एसएसटी-१’ या यंत्राची गोष्ट वेगळी होती. त्याची वेटोळी अतिसंवाहक, प्लाझ्मा उभट आणि उद्दिष्ट १,००० सेकंदांपर्यंत प्लाझ्मा टिकवण्याचे होते. त्याच्या पात्रात निष्क्रिय स्थिरकारक पट्ट्या आणि सक्रिय नियंत्रणाची वेटोळी अशी दुहेरी योजना करावी लागली. अशा योजनेत पट्ट्या किती जाड असाव्यात आणि वेटोळी कोठे बसवावीत, हे यंत्र बांधण्याआधीच ठरवावे लागते. म्हणजे ते गणनेनेच ठरते. गांधीनगरच्या संशोधकांनी टीएससी आज्ञावलीचा उपयोग एसएसटी-१ साठी आणि पुढे इटरसाठीही केला. अतिसंवाहक चुंबकांच्या जोडणीत आलेल्या अडचणींमुळे यंत्राची मोठी पुनर्बांधणी करावी लागली आणि पहिला प्लाझ्मा जून २०१३ मध्ये मिळाला. आदित्यचेही नूतनीकरण होऊन डिसेंबर २०१६ मध्ये ‘आदित्य-यू’ सुरू झाले. आता त्यात उभट प्लाझ्माचीही सोय करण्यात आली.

या संस्थेच्या महासंगणकाला ‘अंत्य’ असे नाव आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यास्थानांत अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्ये. सेकंदाला साधारण तेवढ्या आकडेमोडी करण्याची या यंत्राची क्षमता आहे. टिफ्रॅकपासून अंत्यपर्यंतचा प्रवास हा भाभांच्या भाकिताच्या दुसऱ्या धाग्याचाच प्रवास होय.

७. इटर : प्रतिरूपणाने बदललेले यंत्र

फ्रान्समध्ये उभारला जात असलेला ‘इटर’ हा जगातील सर्वांत मोठा टोकामॅक आहे. मोठी त्रिज्या ६.२ मीटर, प्लाझ्मातील प्रवाह दीड कोटी अँपिअर आणि ५०० मेगावॉट संमीलन-शक्ती असे त्याचे उद्दिष्ट आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारत या प्रकल्पात सहभागी झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिस येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. भारताचा सर्वांत दृश्य वाटा म्हणजे सुमारे ३,८५० टन वजनाचे, २९ मीटर व्यासाचे शीतपात्र. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने हजिरा येथे त्याचे भाग तयार केले आणि २०२० पर्यंत ते रवाना केले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने इटरच्या आराखड्यातील एक बदल विशेष बोलका आहे. मूळ आराखड्यात प्लाझ्माचे उभ्या दिशेतील नियंत्रण पात्राबाहेरील मोठ्या अतिसंवाहक वेटोळ्यांवर सोपवले होते. २००७ नंतरच्या फेरतपासणीत प्रतिरूपणांचे निष्कर्ष विद्यमान यंत्रांवरील अनुभवाशी ताडून पाहण्यात आले. प्लाझ्मा किती सरकल्यावरही त्याला परत आणता येते, ही मर्यादा बाहेरील वेटोळ्यांच्या बाबतीत फारच तुटपुंजी असल्याचे त्यातून दिसले. परिणामी पात्राच्या आत, प्लाझ्माच्या निकट, नियंत्रणाची खास वेटोळी बसवण्याचा निर्णय घेतला गेला. अद्याप अस्तित्वात न आलेल्या यंत्राचा दोष गणनेतून सापडला आणि तो पोलाद कापण्यापूर्वी सुधारता आला. तोच दोष यंत्र उभे राहिल्यावर सापडता, तर त्याची किंमत काय झाली असती, याची कल्पना करता येते.

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार इटरवरील संशोधन-कार्य २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत. तोपर्यंत त्याचे नियंत्रक केवळ प्रतिरूपावरच तपासले जातील.

८. यंत्राला शिकवणारे प्रतिरूप

येथपर्यंतच्या वाटचालीत प्रतिरूपण हे अभियंत्याचे साधन होते. नियंत्रकाचे गणित माणूसच रचत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने यात बदल घडवला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ‘टीसीव्ही’ टोकामॅकसाठी तेथील शास्त्रज्ञ व डीपमाइंड ही कंपनी यांनी मिळून एक कृत्रिम चेताजाल तयार केले. त्याला पूर्णपणे प्रतिरूपावर शिकवण्यात आले. असंख्य कृत्रिम प्रयोगांत चुकत-माकत, चांगल्या कृतीला गुण मिळवत ते शिकले आणि नंतर प्रत्यक्ष यंत्रावर नेण्यात आले. ९० हून अधिक मोजमापे वाचून, १९ वेटोळ्यांचे व्होल्टेज सेकंदाला १०,००० वेळा ठरवत त्याने निरनिराळ्या आकारांचे प्लाझ्मा सांभाळले. मोठ्या यंत्रांच्या बाबतीत बंद झालेला चुकत-चुकत शिकण्याचा मार्ग अशा रीतीने संगणकाच्या आत पुन्हा उघडला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतील ‘डीIII-डी’ यंत्रावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे जुन्या प्रयोगांच्या नोंदींवरून शिकलेल्या नियंत्रकाने प्लाझ्मा फाटण्याची शक्यता आधीच ओळखून ती टाळली. दीर्घकाळ प्लाझ्मा टिकवण्यातही प्रगती झाली. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ यंत्राने १,०६६ सेकंद, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्राने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. १९५८ च्या झेटा यंत्रातील प्लाझ्मा सेकंदाच्या हजाराव्या भागांत संपत असे, हे लक्षात घेता ‘नियंत्रित’ या शब्दाने किती पल्ला गाठला ते ध्यानी येते.

९. प्रतिरूपणाच्या मर्यादा

तथापि प्रतिरूपणाविषयी भाबडा विश्वास बाळगणे योग्य नाही. प्रतिरूपात जे घातलेले नाही, ते प्रतिरूप सांगू शकत नाही. वीजपुरवठ्यातील विलंब, संवेदकांतील गोंगाट, भिंतीवरून सुटणारी अशुद्ध द्रव्ये, प्लाझ्मातील खळबळ यांपैकी काही गोष्टी समीकरणांत अंशतःच उतरतात. म्हणूनच लोझान येथील प्रयोगात प्रतिरूप जेथे विश्वासार्ह नाही असे ज्ञात होते, तो भाग नियंत्रकाने टाळावा, अशी तरतूद शिकवतानाच केली गेली. प्लाझ्माचे अनिश्चित गुणधर्मही मुद्दाम बदलून पाहिले गेले. आपल्या अज्ञानाची सीमा आखून घेणे, हा चांगल्या प्रतिरूपणाचा भाग आहे. झेटा प्रकरणात नेमकी हीच सीमा आखलेली नव्हती.

दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. प्रतिरूप ज्याच्या हाती, त्याच्या हाती यंत्राची समज. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वापरणे आणि तिच्यातील गृहीतके तपासून नवी लिहिणे यांत, तयार कापड विकत घेणे आणि विणकाम जाणणे यांइतके अंतर आहे. इटरसाठी पोलादाचे पात्र घडवण्याची क्षमता भारताने सिद्ध केली. त्या पात्राच्या आतील प्लाझ्माचे गणित करणारी माणसे पुरेशा संख्येने घडवणे, हे यापुढचे काम आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, भाभांचे भाकीत ज्या ठिकाणी अडले, ते ठिकाण प्लाझ्मा तापवण्याचे नसून सांभाळण्याचे होते. १९५५ मध्ये अस्थैर्याचे गणित नुकतेच जन्मले होते आणि ते सोडवू शकणारा संगणक भारतात अजून तयार व्हावयाचा होता. दुसरा असा की, नियंत्रणाचा विकास निष्क्रिय कवच, सक्रिय वेटोळी, प्रतिरूपावर रचलेला नियंत्रक आणि प्रतिरूपावर शिकलेला नियंत्रक अशा चार पायऱ्यांनी झाला. परंतु प्रत्येक पायरीवर अंतिम निर्णय प्रत्यक्ष यंत्राचाच राहिला. तिसरा असा की, संमीलनाविषयी यापुढे होणाऱ्या घोषणांचे मूल्यमापन केवळ तापमान किंवा शक्तीच्या आकड्यावरून न करता, प्लाझ्मा किती काळ व किती भरवशाने ताब्यात राहिला यावरून करावे. तिरोड्याच्या केंद्रातील कोळशाच्या जागी उद्या दुसरे काही यावयाचे असेल, तर त्यालाही वीजजाळ्याला रात्रंदिवस अखंड साथ द्यावी लागेल.

चौथा निष्कर्ष आपल्यासारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांसंबंधी आहे. टोकामॅक बांधणे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात नाही. परंतु ग्रॅड-शाफ्रानोव्ह समीकरण सोडवणाऱ्या काही आज्ञावल्या आज सर्वांना खुल्या आहेत. प्लाझ्माच्या अंतरंगाचे प्रतिरूपण करणारी ‘टोरॅक्स’ ही आज्ञावलीही २०२४ मध्ये खुली करण्यात आली. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला साध्या संगणकावर प्लाझ्माचा समतोल काढता येईल, त्याला उभ्या दिशेने किंचित ढकलता येईल आणि आपण लिहिलेला नियंत्रक त्याला परत आणतो की नाही, हे पाहता येईल. भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र या तीन विभागांनी मिळून असा एखादा प्रकल्प हाती घेतल्यास बहुविद्याशाखीय अध्ययनाचे ते सार्थ उदाहरण ठरेल. संमीलन-संशोधनातील हेच एक दालन असे आहे, की ज्याच्या उंबरठ्यापर्यंत जाण्यासाठी गोंदियाच्या विद्यार्थ्याला प्रथम गांधीनगर किंवा फ्रान्स गाठावे लागत नाही. इटरवरील ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग ठरल्याप्रमाणे २०३९ मध्ये सुरू झाले, तर आज पदवीच्या वर्गात असलेला विद्यार्थी तेव्हा ऐन उमेदीत असेल. त्या नियंत्रण कक्षात त्याला स्थान मिळेल की नाही, हे तो आज काय शिकतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.